एका रुपयाची बत्तीस पानं

ते पुस्तक मी सेलूच्या स्टेशनवर घेतलं तेव्हा मला नुकतंच एकोणिसावं लागलं होतं. परभणीला मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते. दिवाळीच्या सुटीत बोरीला आले होते आणि आता परत जायचं होतं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना कापूस सेलूला घालायचा होता, तेव्हा मला बैलगाडीतूनच तिथवर न्यायचं आणि चारच्या रेल्वेत बसवून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. कापसावर माझी पत्र्याची पेटी, पेटीवर मी, अशी आमची स्वारी सकाळी सेलूत पोचली.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापुढं गाड्यांची ही लांब रांग! आमच्यापुढं तीसेक गाड्या तरी असतील. वजनाचा काटा आत होता आणि आत एका वेळी एकच गाडी घेत होते. दादांनी बैल सोडले, त्यांच्यापुढं कडबा टाकला आणि मला म्हणाले, "जा माय, टेशनवर जाऊन गाडी वक्तावर हाय का इचारून ये."

गाडी वेळेवर होती. मला लगेच परतता आलं असतं. पण फलाटावर एका माणसानं लाकडी फळीवर पुस्तकं मांडली होती. मी लहान असताना, निजामाच्या राज्यात, त्याच्याकडं सगळी उर्दू अखबारं असायची. माझी पहिली अक्षरंही उर्दूच, मराठी लिपी मी नंतर गिरवली. आता त्या फळीवर मराठी पुस्तकांची नुसती रेलचेल होती. त्यात एक पातळ पुस्तक होतं. मुखपृष्ठावर लालभडक गोळा आणि त्याच्याकडं निघालेलं एक लांबोडकं यान. त्याच सुमारास माणसानं पाठवलेला चेंडू आभाळात पृथ्वीभोवती फिरतोय, असं आमच्या बाईंनी वर्गात वाचून दाखवलं होतं. माझ्या डोक्यात तेव्हापासून तोच चेंडू फिरत होता. मी किंमत विचारली. एक रुपया. शेजारीच त्याच किमतीची, वीटभर जाडीची व्रतकथांची पोथी होती. दादांनी खर्चाला दिलेल्या पैशातला रुपया मी काढला आणि ते पातळ पुस्तक घेतलं. विचार करायला थांबले असते तर घेतलं नसतं.

परत आले तर दादा शेजारच्या गाडीवाल्याशी बोलत बसले होते. तो पाथरीकडचा एक म्हातारा होता, मोठं पागोटं, समोरचे दोन दात पडलेले. त्यांची आमची ओळख सकाळचीच, पण दोघं जन्माचे दोस्त असल्यासारखे चुना-तंबाखूची देवघेव करत होते. दादांनी पुस्तक हातात घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते आडवं धरलं, उभं धरलं, अंगठा आणि बोटात दाबून पाहिलं.

"केवढ्याला?"

मी सांगितलं.

"रुपया? ह्याच्या?" त्यांनी पानं मोजायला लावली. बत्तीस भरली. "माय, तुला फसवलं की गं! म्हसोबाच्या जत्रंतला पंचांगवालाबी ह्याच्याहून जाड देतो. जा, परत करून ये."

मला रडू येईल असं वाटलं, पण राग जास्त आला. मी म्हटलं, "दादा, आधी ऐका तर खरं. वाचून दाखवते. मग सांगा परत करायचं का."

"वाचलेलं कोण परत घील?"

"घेईल. पान दुमडणार नाही मी."

म्हातारा हसला. "वाचू द्या की. इथं बसून तरी काय करायलाव आपण?"

मी कापसावर चढून बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. आजूबाजूच्या गाड्यांवरची दहाबारा माणसं चुन्याच्या डब्या मिटून जवळ आली.

गोष्ट अशी होती. एक भाऊ आणि एक बहीण, दोघं शास्त्रज्ञ, यानातून मंगळावर उतरतात. तिथं हवा नाही. सोबतच्या टाक्यांत आठ दिवस पुरेल एवढीच हवा. भाऊ यानाची दुरुस्ती करत असतो आणि बहीण बाहेर हिंडून मातीचे नमुने गोळा करते. तिच्याजवळ मूठभर धान्य असतं. ती एक जागा बघते, खडे वेचते, वरती पारदर्शक झाकण घालते, आत थोडी हवा सोडते, प्यायच्या पाण्यातलं निम्मं पाणी ओतते आणि दाणे पेरते. भाऊ चिडतो. पाणी वाया घालवलंस म्हणतो. रोज सकाळी ती जाऊन बघते. काही नाही. आठव्या दिवशी यान सुरू होतं. निघायची घटका येते, भाऊ दारातून हाका मारतो. ती शेवटचं बघायला म्हणून वाकते. आणि शेवटचं वाक्य: "मातीला एक बारीकशी भेग पडली होती."

मी पुस्तक मिटलं. रांग अजून एकाच गाडीनं पुढं सरकली होती.

"पुढं?" म्हातारा म्हणाला.

"संपलं."

"संपलं कसं? पोरगी गेली का ऱ्हायली? उगवलं का न्हाई?"

"तेवढंच आहे बाबा. इथं 'समाप्त' छापलंय."

आणि मग जो गलका उठला! एक जण म्हणाला, भेग पडली म्हणजे कोंब आला. दुसरा म्हणाला, काळ्या रानात पाणी आटलं की भेगाच भेगा, त्यात कोंबाचा काय संबंध? कोणतं धान्य होतं ते का सांगितलं नाही? किती बोटं खोल पेरलं? एका तरण्या गाडीवानानं त्या भावाला अशी शिवी हासडली की मी कापसात तोंड लपवलं. मी मात्र आतून फुलून गेले होते. वर्गात एवढ्या हिरिरीनं कुणी काही बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दादा एकदम उठले, पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "चल टेशनवर."

"परत करायला?"

"पानं फाडलीत त्यानं. असली गोष्ट कुणी मधीच सोडत न्हाई. बाकीची पानं मागून आणू."

"अहो दादा, 'समाप्त' लिहिलंय!"

"लिहायला काय जातंय?"

गाडी म्हाताऱ्यावर सोपवून दादा निघालेसुद्धा. मी त्यांच्यामागं जवळजवळ पळत होते. फळीपुढं उभं राहून त्यांनी त्या माणसाला सरळच विचारलं, "ह्याचा बाकीचा हिस्सा कुठं हाय?"

पुस्तकवाल्यानं पुस्तक बघितलं, फळीखालून तसंच दुसरं काढलं आणि दोन्हीची शेवटची पानं शेजारीशेजारी धरली. "बघा पाटील. तंतोतंत. वरून असंच येतंय. आमी एक पान फाडलं असंल तर हात कलम करा."

"मंग वरूनच बेइमानी झाली. तुमी वाचलं का हे?"

"आमी इकतो पाटील. वाचायला येळ कुठाय?"

हे ऐकून दादांना जोरच चढला. "मंग तुमाला काय कळणार काय चोरीला गेलंय ते! ऐका." आणि पुस्तक अर्धवट आहे हे पटवून देण्यासाठी दादांनी तिथं फलाटावर उभं राहून गोष्ट सांगायला सुरुवात केली.

मी ती गोष्ट वाचली होती. दादांनी ती पाहिली होती. माझ्या पुस्तकात बहीण "मातीचे नमुने गोळा करते" एवढंच होतं. दादांची बहीण खाली बसायची, माती मुठीत घ्यायची, दाबायची, सोडायची, ढेकूळ फुटतंय का बघायची. पाणी ओतताना ती मधेच थांबून उरलेलं बघायची, कारण तेच पाणी तिला प्यायचं होतं. भाऊ वाईट नव्हता, त्याला घरी म्हातारी आई होती. हे पुस्तकात कुठंच नव्हतं, पण दादांनी इतक्या सहज सांगितलं की मीच क्षणभर पान आठवायला लागले. डोक्यावर गाठोडं घेतलेला एक हमाल थांबला. दोन बाया लेकरांसकट थांबल्या. झेंडी काखेत धरलेला रेल्वेचा माणूस आला. एक टोपीवाले सद्गृहस्थ आधी लांबून ऐकत होते, ते हळूहळू पुढं सरकले.

"...आठवा दिवस. भाऊ वरडायलाय, चल म्हणून. ती वाकली. आन् मातीला ही एवढीशी भेग." दादांनी नखावर दाखवली. "आन् इथं ह्यांनी पुस्तक बंद केलं! हा इंसाफ हाय का?"

"उगवलंच असंल," गाठोडंवाला म्हणाला.

"वाळून फुटली असंल जमीन," टोपीवाले म्हणाले. "भेगेवरून काही सिद्ध होत नाही."

दादा त्यांच्याकडं वळले. "साहेब, तुमी शेती करता?"

"नाही. मी कचेरीत असतो."

"मंग ऐका. जमीन वाळली की भेगा किती पडत्यात? जाळं पडतं. एक भेग पडून थांबत न्हाई. माय, पुस्तकात किती भेगा हायत?"

"एक," मी म्हणाले. "'एक बारीकशी भेग.'"

"एक! बारीक! म्हंजे खालून रेटा हाय. कोंब वर येताना मातीची खपली उचलतो, आन् तिथंच बारीक फटकन उलतं. लिव्हणाऱ्याला शेती ठावं हाय. त्यानं सांगितलंय, उगवलं म्हणून. आपल्यालाच दिसलं न्हाई." बोलता बोलता दादा थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "आगं, मंग पानं फाडलेली न्हाईत की."

टोपीवाल्यांनी मागं न हटता एक रुपया काढला. "द्या हो एक. स्वतः वाचल्याशिवाय मी मान्य करणार नाही." झेंडीवाल्यानं दुसरं घेतलं. लेकुरवाळ्या बायांपैकी एकीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं आणि तिसरं खपलं. पुस्तकवाल्याजवळ होती नव्हती ती पाच पुस्तकं बघता बघता संपली. त्याला काय करावं सुचेना. त्यानं गल्ल्यातला एक रुपया दादांच्या हातावर ठेवला. "घ्या पाटील, तुमचा रुपया. लय धंदा केला तुमी."

दादांनी रुपया बघितला. "मंग पुस्तक द्यावं लागंल का?"

"रुपया घेतल्यावर... हां, देऊन टाका. गिऱ्हाईक अजून हाय एक." गाठोडंवाला खरंच कनवटीला हात घालत होता.

दादांनी रुपया फळीवर ठेवला आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन बंडीच्या आतल्या खिशात सारलं. "आमचं न्हाई द्यायचं."

जिनिंगवर आलो तर आमची गाडी रांगेबाहेर, भिंतीला लागून उभी. रांग अचानक भराभर सरकली होती. म्हाताऱ्यानं स्वतःच्या गाडीसोबत आमचीही गाडी पुढं न्यायचा प्रयत्न केला, पण धनी नाही म्हणून फाटकावरच्या माणसानं ती बाजूला काढायला लावली. आता परत शेवटी लागायचं, म्हणजे आजचा काटा गेला, मुक्काम तिथंच. म्हातारा ओशाळून उभा होता. घरी बैलाचं दावं चुकीच्या खुंट्याला बांधलं तरी दादा दिवसभर बोलायचे. इथं मात्र म्हाताऱ्याचा हात धरून त्यांनी त्याला खाली बसवलं आणि म्हणाले, "उगवलंय बरं का. मी सांगतो कसं ते."

चारच्या गाडीत बसताना मी पुस्तक मागितलं. वसतिगृहातल्या पोरींना दाखवायला ते मला हवंच होतं. दादा खिशावर हात ठेवून अवघडून उभे राहिले.

"तुला पाठ हाय की सगळं," ते म्हणाले.

"तुम्हाला वाचता कुठं येतं दादा?"

"गावात वाचणारे हायत. तुझ्या आईला ऐकवायचंय."

गाडीनं शिटी दिली. मी नाही म्हणू शकले नाही. सबंध वाटभर मी रिकाम्या हातांनी आणि भरल्या डोक्यानं बसले होते. त्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहाच्या ओसरीवर पोरींना गोष्ट सांगितली, तर माझ्या तोंडून भावाची म्हातारी आई आली, मुठीत दाबलेलं ढेकूळ आलं. पोरींचे दोन पक्ष पडले. जेवणाची घंटा झाली तरी कुणी उठेना, तेव्हा वसतिगृहाच्या बाई ओरडायला आल्या आणि दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "पण झाकणाखाली हवा किती होती?"

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळेच्या मास्तरांचं, बोल दादांचे. पत्रात घरच्या खुशालीची एकच ओळ होती. बाकी सगळं असं: त्यांनी फुटक्या मडक्यात माती घालून जवारी, गहू आणि हरभरा वेगवेगळे पेरले. वर गावातल्या दवाखान्यातून आणलेली मोठी काचेची बरणी पालथी घातली. जवारी पाचव्या दिवशी वर आली. आधी एकच भेग पडली होती. आईनं आणि चौघा शेजाऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली. गव्हाला उशीर लागला, आणि मंगळावर थंडी जास्त असणार म्हणून आठ दिवसांचा हिशेब बरोबर जमतो, असं त्यांचं मत होतं. पुस्तक तीन वेळा वाचून झालं, मास्तर आता चौथ्यांदा वाचायलेत. शेवटी लिहिलं होतं: "तसलंच आणखी एक मिळालं तर पाठव. जाड नको. जाडात सगळं तेच सांगून टाकत्यात."

त्या रविवारी बाईंची परवानगी काढून, दोन मैत्रिणींना सोबत घेऊन मी परभणीच्या बाजारात गेले. दुकानदारानं बरंच उकरून समुद्राच्या तळाशी गेलेल्या माणसांचं एक पुस्तक काढून दिलं. अठ्ठावीस पानं, सव्वा रुपया. मैत्रीण माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "अगं, हे तर आणखी महाग!" मी ऐकलंच नाही. आम्ही तिघी पोस्टात गेलो आणि वेष्टण बांधण्याआधी तिथल्या बाकावर एकमेकींच्या खांद्यावरून ते वाचायला बसलो. शेवटच्या पानावर ऐन मोक्याला 'समाप्त' आलं तेव्हा तिघीही एकदम किंचाळलो, आणि खिडकीतल्या कारकुनानं शिक्का खाली ठेवून विचारलं, "काय झालं हो?"