पालीपुरती बॅटरी

आमच्या विजेच्या गाडीत समोर एक आकडा दिसतो. गेले कित्येक महिने घरात त्याचंच राज्य होतं. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा पूर्ण चार्ज केल्यावर अडीचशे किलोमीटर दिसायचे. मग दोनशे तीस झाले, मग दोनशे दहा. माझा नवरा निवृत्त इंजिनियर. हे सकाळी दूध आणायला खाली जात आणि येताना आकडा बघून येत. किती दिसला ते चेहऱ्यावरूनच कळायचं.

"बॅटरी उतरतेय," हे म्हणायचे. "आता लांब जायचं नाही."

लांब म्हणजे पाली. तिथे माझी आई एकटी राहते, नव्वदीला टेकलेली. आम्ही दोघं शेवटचे गेलो ते दिवाळीत. परतताना वडखळजवळ यांनी गाडी कडेला घेतली तशी मला जाग आली. हे पाणी प्यायले आणि बराच वेळ नुसतेच बसून राहिले. आकड्याची कटकट त्यानंतर सुरू झाली.

नेरूळहून पाली ऐंशी किलोमीटर. जाऊन येऊन किती होतात ते मलाही कळतं. शिवाय आईकडे विहिरीच्या पंपाचा जाड प्लग आहे, त्यावर गाडी रात्रभर चार्ज होते. पण हे एसीचे वजा करायचे, कर्नाळ्याच्या चढाचे वजा करायचे, ट्रॅफिकचे वेगळे. यांच्या हिशोबात गाडी दर वेळी वडखळलाच बंद पडायची.

मी दोनदा एसटीने जाऊन आले, मग गुडघ्यांनी संप केला. आई फोनवर विचारायची, "कधी येतेस गं?" मी म्हणायचे, बॅटरी. एकदा ती म्हणाली, "टॉर्चची बदलतात तशी बदलता नाही का येत?" फोन ठेवून मी रडले. मग यांच्यावर चिडले. घरातला मिक्सर, गीझर सगळं स्वतः उघडून दुरुस्त करणारा माणूस एका आकड्यापुढे हात टेकतो म्हणजे काय? "नाचता येईना अंगण वाकडं," असंही म्हणून टाकलं. एरवी हे एक शब्द खाली पडू देत नाहीत. त्या दिवशी उठून आकडा बघायला खाली गेले.

मला गाडी चालवता येत नाही असं नाही. पण आमची एक न ठरवता पडलेली वाटणी होती. करावेला मासळी आणायला, बँकेत, डॉक्टरकडे मी; पनवेलच्या पुढे चावी यांच्याकडे. आधीच्या पेट्रोलच्या गाडीपासून हेच चालत आलेलं.

श्रावणात आई शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. हाड मोडलं नव्हतं, पण शेजारणीचा फोन आला आणि मी चावी उचलली. "मी निघाले. यायचं तर या."

हे आले. मी एसी लावला. यांनी आपली काच वर केली. पळस्प्याला कंटेनरांची रांग लागली तसं यांनी वरचं हँडल घट्ट धरलं. कर्नाळ्याच्या चढाला आकडा घसरला, उताराला थोडा परत आला. पेण मागे पडलं. वडखळ आलं, आणि आकडा अजून सव्वाशेच्या वर होता.

"बघा तुमचं वडखळ!" मी म्हणाले. इतक्या महिन्यांचं साठलेलं बरंच बोलायचं होतं.

तेवढ्यात एक कंटेनर डावीकडून अगदी घासून गेला. यांनी डोळे मिटून घेतले.

"दिवाळीत असाच एक अंगावर आला होता," हे म्हणाले. "तू झोपली होतीस. तेव्हापासून हायवेला माझे हात कापतात गं."

बॅटरी खरंच उतरली होती, पण पालीला पोचणार नाही इतकी कधीच नव्हती. आणि यांना ते माझ्या आधीपासून माहीत होतं. मी गाडीचा वेग कमी केला आणि डावी लेन धरून चालवत राहिले.

आई पायाला पट्टी बांधून खाटेवर बसली होती. "जावईबापू, इतके महिने कुठे होतात?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"बॅटरी गं आई," मी म्हणाले. "उतरली होती."

हे प्लग लावायला विहिरीकडे गेले.

दोन दिवसांनी निघताना आईने शेजारणीकरवी तांदूळ आणि नारळ दिले. ओझ्याने आकडा पडतो, हे यांचं नेहमीचं वाक्य आलं नाही. यांनी सगळं डिकीत नीट रचलं, चावी माझ्या हातात ठेवली आणि आईच्या पाया पडायला वाकले.

"पुढच्या महिन्यात येतो," हे म्हणाले. "ही आणेल मला."