मामाची तेलाची पारख

माझा मामा देविदास तेलाचा थेंब तळहातावर चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगायचा: करडई काळ्या रानातली, बी गेल्या सालचं, काढताना घाई केली. आमच्या रेणापुरात तेलावरून भांडण झालं की लोक मामाला बोलवायचे. त्याने सांगितलं की भांडण मिटलं. बाकी बाबतीत मात्र मामा भोळासांब. कुणी दोन गोड शब्द बोललं की याने मान डोलावलीच. मला त्याचा फार राग यायचा. अजूनही येतो.

निजामाचं राज्य होतं. रझाकारांची धामधूम सुरू व्हायला अजून पाच-सात वर्षं होती. तेव्हा लातूरच्या गंजाजवळ, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेजवळ, बापूसाहेबांनी शिवगंगा ऑइल मिल कंपनी काढली. बापूसाहेब वकील होते, शिवाय त्यांची शंभर एकर जमीन आणि मोठा मळा होता. समोरचा तेली असो की तहसीलदार, ते सगळ्यांना ‘अहो-जाहो’ करायचे. त्यांनी गावोगाव सांगितलं की ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी आपला घाणा कंपनीत जमा करावा आणि त्या बदल्यात शेअर घ्यावेत. घाणे बंद पडले की सगळं बी गिरणीकडे येणार, हा त्यातला हिशेब आमच्या तेल्यांना कळत नव्हता असं नाही. पण गिरणीच आपली म्हटल्यावर त्यात वाईट काय, असं त्यांना वाटलं.

मामाने आपला घाणा दिला. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. माझे वडील वारल्यापासून माझी आई, मनकर्णाबाई, आमचा घाणा स्वतः चालवत होती. मामा तिच्यामागे लागला.

“आक्का, बैलामागं किती दिस फिरशील? आपून आता मालक होऊन राहिलो.”

“मालक कोन होऊन राहिलं ते मला तर दिसंना,” आई म्हणाली. “पर घेऊन जा. घाना मी कंपनीला देत न्हाई, देविदास. तुला देऊन राहिले. परत मागंल तर तुलाच मागंल.”

“हाव आक्का. माझ्या गळ्याची आन.”

घाणा म्हणजे काही जातं नव्हे, की उचललं आणि गाडीत ठेवलं. पडवीत जमिनीत पुरलेला तो चिंचेचा ओंडका उकरायला दोन दिवस लागले. घाणा गेला आणि पडवीत कमरेएवढा खड्डा राहिला. आईने तो बुजवू दिला नाही. आम्ही त्यावर फळी टाकून ये-जा करायचो. मी त्यात दोनदा पडले, तरी तिचं एकच म्हणणं, “इंदू, बघून चाल. घाना आला की परत उकरत बसू का?”

पहिली दोन वर्षं गिरणी कशीबशी चालली. यंत्र तापायचं आणि तेलाला करपट वास मारायचा. गिऱ्हाईक पळालं, नफ्याचा तर पत्ताच नव्हता. शेअर परत करतो, घाणा द्या, असं लोक म्हणू लागले, तेव्हा शेअर परत घ्यायचा कायदाच नाही, असं उत्तर मिळालं. विकायचे म्हटले तर घेणार कोण?

मग वर्षाची सभा का गाजवली नाही, असं कुणीही विचारील. त्याचं कारण जेवण. कंपनीच्या सभेला ‘सालाना जलसा’ म्हणायचे आणि त्याआधी मोठी पंगत असायची. पुरणपोळी, आमटी, भजी. बापूसाहेब स्वतः पंक्तीत वाढायचे, आग्रह करकरून. आता ज्याच्या घरचं मीठ पोटात गेलं, त्याच्याविरुद्ध त्याच दिवशी तोंड कसं उघडायचं? आमच्याकडे ते पापच समजत. गाडीत बसून शिव्या देत आलेली माणसं जेवून, पान खाऊन, हात वर करून परत जायची. तेच कागद मंजूर, तेच डायरेक्टर कायम. घरी आल्यावर पुन्हा शिव्या.

तिसऱ्या वर्षी ही मेख मामाच्या ध्यानात आली. त्याने रेणापूरच्या सगळ्या शेअरवाल्यांना शपथ घातली की आपली भाकरी आपण बांधून न्यायची, पंगतीला बसायचं नाही. आई आणि मीही गेलो होतो, कारण आमच्या घाण्याचे शेअर मामाने आईच्याच नावावर घेतले होते. गिरणीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली आम्ही पंचवीस-तीस माणसं भाकरी-ठेच्याची फडकी सोडून बसलो. मला मामाचा फार अभिमान वाटला.

बापूसाहेब आले. हातात भज्यांचं ताट. रागाचं नावही नाही. मामाची तेलाची पारख त्यांच्या कानावर गेलेली नसावी.

“नका जेवू, देविदासराव. पण वास तरी घ्या. आपल्याच गिरणीचं तेल आहे.”

मामाने एक भजं उचललं, नाकाशी नेलं आणि ताटात परत ठेवलं. त्याचा चेहरा बदलला. सभा सुरू झाली तसा तो उभा राहिला. 

“बापूसाहेब, हे तेल गिरनीचं न्हाई. लाकडाच्या घान्याचं हाय. आमचे घाने कुठं चालू हायेत, तेवढं सांगा.”

 जेवलेलेही माना वर करून पाहू लागले. बापूसाहेब हसले.

“मंडळी, या माणसाची पारख पाहिलीत? असा माणूस आपल्या बोर्डावर नाही, ही आमची चूक. मी देविदासरावांचं नाव डायरेक्टर म्हणून सुचवतो. काय ती चौकशी ते करतील आणि पुढल्या जलशात तुम्हाला सांगतील.”

फेटा आणि नारळ तयारच होते, कुणा पाहुण्यासाठी आणलेले. बापूसाहेबांनी स्वतःच्या हाताने मामाच्या डोक्यावर फेटा ठेवला. टाळ्या कुणी वाजवल्या असतील? आमच्याच लोकांनी, तळहात लाल होईपर्यंत. आपला माणूस बोर्डावर गेला! चारचौघांत हातात आलेला नारळ परत कसा करायचा? मामाने तो घेतला. मीठ टाळलं आणि नारळात अडकला.

परतताना गाडीत सगळे आनंदात होते. आई मामाला एवढंच म्हणाली, “आता तरी विचारशील न्हवं?”

पुढच्या वर्षभरात काय झालं ते मला नंतर मल्लिकार्जुन मास्तरांकडून कळलं. मास्तर लातूरच्या शाळेत उर्दू शिकवायचे. मामाला मोडीत सही यायची, बाकी अक्षरशत्रू. बोर्डाचे कागद असायचे उर्दूत. बापूसाहेब बोट ठेवायचे तिथे मामा सही करायचा. तो मळ्यावरही जाऊन आला. तिथे चार घाणे फिरत होते, आणि त्यांतला एक आमचा होता. मामाने तो ओळखला. बापूसाहेब म्हणाले, “ठराव करू आणि परत देऊ.” मामाने सही केली आणि खुशीत तो कागद घेऊन मास्तरांकडे गेला, ठराव वाचून घ्यायला. मास्तरांनी वाचला. त्यात लिहिलं होतं की जमा झालेले सगळे घाणे कुजल्यामुळे सरपणात काढले. खाली मामाची सही.

मामा तसाच बापूसाहेबांकडे गेला. ते शांतपणे म्हणाले, “बोला की लोकांसमोर. पण सही तुमची आहे. फौजदार पहिल्यांदा तुमच्या दारात येईल. बहिणीचा घाणा जाळून खाल्ला म्हणून लोक थुंकतील, ते वेगळंच.”

त्यानंतर मामा आमच्याकडे फारसा येईनासा झाला. आला तरी पडवीतून जाताना फळीकडे पाहायचा नाही. आई काय ते समजली नसेल का? पण तिने विचारलं नाही. जलशात विचारणार होती.

चौथा जलसा. रेणापूरच्या लोकांनी या वेळी भाकरी आणली नाही. आपला डायरेक्टर असताना कशाला? सगळे ऐटीत पानावर बसले, तिकडे बायकांच्या पंक्तीत आई आणि मी. आणि वाढायला कोण? डोक्यावर तोच फेटा बांधून, भज्यांची परात घेऊन, मामा. बापूसाहेब मागे उभे राहून कुणाला काय कमी आहे ते बघत होते.

मामा आमच्या पानाशी आला. आईने पानावर आडवा हात धरला. मग परातीतलं एक भजं उचललं आणि नाकाशी नेलं. तीही तेल्याचीच लेक होती, जन्म त्याच वासात गेलेला.

“देविदास,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “हे तेल कुठलं हाय?”

पंगत थांबली. लोकांनी तोंडाशी नेलेले घास खाली ठेवले. मामाचं उत्तर म्हणजे निकाल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मनात म्हणत होते, सांग मामा, एकदा सांगून टाक.  त्याने मागे पाहिलं नाही, पण मागे कोण उभं आहे हे त्याला माहीत होतं.

“गिरनीचं हाय, आक्का,” तो म्हणाला. “आपल्या गिरनीचं.”

लोक पुन्हा जेवू लागले. आईने भजं परातीत ठेवलं आणि मला हाताला धरून उठवलं. आम्ही उपाशीच रेणापूरला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पडवीतली फळी काढली. ती मागच्या परड्यातली माती खणत होती आणि मी पाटीने आणून खड्ड्यात टाकत होते. निम्मा खड्डा भरला असेल, तेवढ्यात मामा आला. डोक्याला फेटा नव्हता. दारातच उभा राहिला.

“आक्का, बुजवू नगं,” तो म्हणाला. “उद्या घाना आला तर बसवशील कुठं?”

आईने कुदळ खाली ठेवली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

“तूच काल सांगितलंस न्हवं, तेल गिरनीचं हाय म्हून? मंग घाना हायच कुठं?”

 मामा पुढे आला, माझ्या हातातली मातीची पाटी घेतली आणि स्वतःच खड्ड्यात रिकामी केली.