तिनं वळलेला कंडेन्सर

काल संध्याकाळी वीज गेली. सुनेनं मेणबत्ती लावली, वीज आल्यावर फुंकली, आणि त्या वासासरशी माझी बायको डोळ्यांपुढं आली. ती जाऊन तीन महिने झाले.

लढाईचे दिवस होते. निपाणीजवळच्या एका मळ्यात मी मालकांचा जुना, छोटा ट्रॅक्टर चालवायचो. त्याचा कंडेन्सर, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीला लागणारी बोटाएवढी गुंडाळी, जळला आणि ठिणगी पडेना. नवा कुठंच मिळत नव्हता. मालक म्हणाले, "शनवारपतोर चालू कर, न्हाय तर ट्रॅक्टर मोडीत आणि तू घरी."

मग घरीच करून बघावा म्हणून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद आणि मेणात बुडवलेला कागद एकावर एक ठेवून मी गुंडाळत बसलो. दोनदा केलं, दोनदा फुकट गेलं. बायको समोर विड्या वळत होती. म्हणाली, "अवं, किती ढिल्लं वळताय? असली विडी मुकादम तोंडावर फेकंल. द्या हिकडं." मेण गरम होतं तोवरच तिनं ते घट्ट वळलं आणि विडीच्या दोऱ्यानं बांधलं. अंगठा भाजला, तरी सोडलं नाही.

शनिवारी ट्रॅक्टर धडधडला. मालकांनी विचारलं, "कुणी केलं रं हे?"

ती भाकरी घेऊन बांधावरच उभी होती. मी म्हणालो, "मीच की."

त्यावरून तिनं मला जन्मभर चिडवलं. मीही हसण्यावारी नेलं.

दवाखान्यात शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. अंगठ्यावर तो भाजल्याचा डाग होता. मालकांपुढं बाईमाणसाचं नाव घ्यायची तेव्हा लाज वाटली, एवढं तरी तिला सांगायचं होतं. मी नुसतं विचारलं, "पाणी पाहिजे काय?"