विचारल्याशिवाय सांगू नये

परदेशात नोकरी करायला निघालेला डॉक्टर घरात असला, की किस्से शोधावे लागत नाहीत. चहा उकळेपर्यंत एखादा होऊन जातो! त्यात मी कमी बोलणारी. न बोलणाऱ्या माणसाला सगळे भिंत समजतात आणि तिच्यासमोर मोकळेपणानं वागतात. लग्नाला पाच महिने झाले, साठा बराच झालाय.

आधी थोडी माहिती. माझं माहेर वाई, सासर पलूस. नवऱ्याला घरात सगळे 'डॉक्टर' म्हणतात, त्यांची आईसुद्धा. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना. त्यांना इंग्लंडमध्ये प्रॅक्टिस करायचीय. इथली डिग्री तिथं थेट चालत नाही, तिकडच्या दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली लेखी, ती झाली. दुसरी तिकडं जाऊन द्यायची. ओळीनं खोल्या, प्रत्येक खोलीत पेशंट होऊन बसलेला एक नट, आणि प्रत्येकाला आठच मिनिटं. नुसतं औषध बरोबर असून भागत नाही, बोलण्याला मार्क!

सरावाला नट कुठून आणणार? घरात आम्ही तिघं होतो. प्रत्येकाला एक कार्ड मिळायचं. काय दुखतंय, कधीपासून, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना : 'डॉक्टरांनी विचारल्याशिवाय सांगू नये.'

मला ती पाळायला काही कष्ट पडले नाहीत. लग्नाआधी मी एक सरकारी परीक्षा दिली होती. निकाल लागला आणि साताऱ्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत माझी नेमणूक झाली. पत्र वाईच्या पत्त्यावर आलं. कुरडया द्यायच्या निमित्तानं वडील येऊन ते हातात ठेवून गेले. म्हणाले, "तू बघ." मी बघितलं. महिन्याभरात रुजू व्हायचं होतं. मग ते कपाटात साड्यांखाली ठेवलं. डॉक्टर पास झाले की मी त्यांच्याबरोबर जाणार, हे घरात ठरलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. आणि सूचना तर स्पष्ट होती!

* * *

पहिले पेशंट आबा, म्हणजे सासरे. फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. बूट घालून आले आणि खुर्चीत ताठ बसले.

"काय त्रास होतोय?"

"काही नाही साहेब. ठीक!"

"दुखणं एक ते दहामध्ये किती?"

"आमच्याकडं दोनच नंबर. चालतंय, न्हाईतर चालत न्हाई. चालतंय!"

सात मिनिटं सगळं ठीक होतं. शेवटी डॉक्टर वैतागले. "आबा, तुमच्या कार्डावर छातीत दुखतंय असं लिहिलंय!"

"लिहिलंय की," आबा म्हणाले. "म्हणून काय साहेबाफुडं रडत बसायचं?"

* * *

सासूबाईंना सूचना वाचूनच राग आला. "इचारल्याबिगर सांगायचं न्हाई? मग दवाखान्यात जायचंच कशाला?"

त्या बसल्या आणि सुरू झाल्या. आधी गुडघा. मग थोरल्या जावेचा गुडघा, तिचं ऑपरेशन, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरची बायको, तिनं नेसलेली साडी. पेशंटला मधेच तोडायचं नाही हा परीक्षेचा नियम, म्हणून डॉक्टर माना डोलवत राहिले. मोबाईलचा गजर झाला तेव्हा त्यांचं पेशंटला नावसुद्धा विचारून झालं नव्हतं.

उठता उठता आई म्हणाल्या, "वात न्हाई ह्यो, झीज हाय. फोटू काढून घे."

निदान बरोबर होतं!

* * *

मग डॉक्टरांना वाटलं, खऱ्या पेशंटवरच सराव करावा. परीक्षेत पेशंटला त्याचं स्वतःचं मत विचारायचं असतं. शेजारच्या गावचे एक आजोबा खोकला घेऊन आले होते.

"आजोबा, तुम्हाला काय वाटतं, हा खोकला कशानं झाला असेल?"

आजोबांनी आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग भिंतीवरच्या डिग्रीकडं. "ते तुमी सांगायचं."

"तरीपण, तुमचा काय अंदाज?"

आजोबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठले. स्टँडवरच्या चहाच्या गाड्याशी बसून त्यांनी जाहीर केलं, "सुभेदाराच्या पोराला आता काय कळंना झालंय. मलाच इचारतंय!"

दोन दिवस दवाखान्यात आम्ही आणि कंपाउंडर. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पहिल्यासारखे तोंड न उघडता लिहायला लागले. गर्दी पूर्ववत!

* * *

सगळ्यात अवघड धडा वाईट बातमी सांगण्याचा. आवाज हळू करायचा, खुर्ची जवळ ओढायची, कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवायचा आणि बोलण्याआधी पाच सेकंद गप्प राहायचं. डॉक्टर गुडघ्यावर बोटं एकेक दाबून सेकंद मोजतात. टेबलाखाली असल्यामुळं दिसत नाही, असं त्यांना वाटतं.

समोरच्या घरातले तात्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. डॉक्टरांच्या अंगात धडा भिनलेला! खुर्ची जवळ. डबा पुढं. एक, दोन, तीन...

चौथ्या सेकंदाला तात्यांच्या डोळ्यांतून धार लागली. पाचव्याला त्यांनी इचलकरंजीच्या लेकीला फोन लावला, "बाळ, असशील तशी निघून ये!"

"तात्या, रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे!"

तात्यांनी फोन बाजूला धरला. "मग नीट वरडून सांग की रं! एवढा मऊ कवा बोलतोस तू? मला वाटलं, गेलो मी!"

* * *

परीक्षेनं लावलेला दुसरा रोग म्हणजे 'ऐकून वाईट वाटलं' हे वाक्य. परीक्षेत पेशंटनं काही सांगितलं की आधी हे म्हणायचं. ते हळूहळू घरभर पसरलं. एकदा आई म्हणाल्या, "कुकर शिट्टी देईना झालाय."

पुस्तकातून मान वर न करता डॉक्टर म्हणाले, "ऐकून वाईट वाटलं."

"तुला वाईट वाटून डाळ शिजणार हाय व्हय?"

* * *

साताऱ्याच्या आत्या, म्हणजे आबांची बहीण, दर रविवारी फोन करतात. "तिकडं थंडी लय असती म्हणं. तुला स्वेटर कसल्या रंगाचा विणू?" दुसऱ्या रविवारी, "तिकडं ज्वारी मिळती का गं?" तिसऱ्या रविवारी, "तिथल्या पाण्यानं केस गळत्यात म्हणं, खरं का?"

रंग, ज्वारी, केस. मी सगळ्याची उत्तरं दिली. तेवढंच विचारलं होतं.

* * *

रोजची पेशंट मात्र मीच. या महिन्यांत मला सतरा आजार झाले, दोनदा दिवस गेले, आणि एकदा माझा नवरा गेल्याची बातमी खुद्द नवऱ्यानंच मला दिली. पाच सेकंद मोजून!

डॉक्टरांचं इंग्रजी चांगलं, निदान चांगलं. मार्क जायचे ते एकाच जागी. उठण्याआधी शेवटचा प्रश्न विचारायचा असतो : 'आणखी काही सांगायचंय का?' तिथवर ते कधी पोचायचेच नाहीत. औषध समजावण्यात गजर व्हायचा. ऑनलाइन शिकवणारे सर दर वेळी बजावायचे, "अहो, खरं दुखणं त्या शेवटच्या प्रश्नावर बाहेर पडतं!" मी शेजारी बसून ऐकायची आणि माझं कार्ड घडी करून ठेवायची.

* * *

आता शेवटचा किस्सा.

गुरुवारची दुपार. शनिवारी डॉक्टरांचं विमान, परीक्षेला. सोमवारी माझी रुजू व्हायची शेवटची तारीख. आई पलीकडं मेथी निवडत होत्या, आबा पेपर वाचत होते. माझ्या कार्डावर होतं : वय सव्वीस, झोप येत नाही.

त्या दिवशी डॉक्टर छान बोलले. चहा किती पिता, जेवता कधी, सगळं विचारलं. घड्याळाकडं बघितलं, अजून पाऊण मिनिट शिल्लक होतं. मी कार्ड घडी करायला लागले.

"आणि," ते म्हणाले, "आणखी काही सांगायचंय का?"

कार्डावर पुढं काही नव्हतं.

"हो," मी म्हणाले. इतका वेळ इंग्रजी चाललं होतं, मी मराठीत म्हणाले. "साताऱ्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागलीय. पत्र कपाटात आहे. मला ती करायचीय."

मी टेबलाखाली बघितलं. डॉक्टरांची बोटं हलत नव्हती.

गजर झाला. वाजून वाजून आपोआप बंद पडला. आबांनी पेपर खाली केला.

"सोमवारी न्हवं का?" मेथी निवडता निवडताच आई म्हणाल्या. "निळी साडी इस्तरीला दिलीया. आणि साताऱ्याच्या वन्संना मागली खोली रिकामी कराय सांगितलीया. साताऱ्यासनं रोज येणं-जाणं काय जमायचं न्हाई."

डॉक्टर त्यांच्याकडं वळले. "आई! तुला माहीत होतं?"

"व्हय. साड्या काढताना घावलं की पत्र. झालं आठ दिस."

"मग बोलली का नाहीस?"

आईंनी मेथीची जुडी झटकली.

"मला कुणी इचारलं?"