श्रीपतने थांबवलेला राब

शनिवार, २२ मार्च १९६९. कर्जत. सकाळी परसातल्या पांगाऱ्यावर पळसमैना, साठ-सत्तर. धोबी पक्षी मंगळवारपासून दिसला नाही. परत गेला असावा. दुपारपासून घाटाच्या अंगाला ढग. श्रीपतचा राब अजून पेटलेला नाही. उद्या मुंबईचे पाहुणे येणार. पाऊस येऊ नये.

शेवटचं वाक्य चंद्राबाईंनी दोनदा लिहिलं आणि मग एकदा खोडलं. वहीत नवस बोलायची त्यांची रीत नव्हती. पण हे सगळं त्यांच्याच एका पत्रामुळे झालं होतं.

श्रीपत खालापूरकडचा, पाताळगंगेच्या काठचा शेतकरी. कर्जतच्या बाजाराला वाल घेऊन यायचा. चार वर्षांपूर्वी चंद्राबाई दारात उभ्या राहून दुर्बिणीतून झाडाकडे बघत होत्या, तेव्हा त्याने पाटी खाली ठेवून विचारलं होतं, "बाई, झाडावर कोन हरवलंय?" त्या दिवसापासून तो आला की आधी पाखरांच्या गोष्टी व्हायच्या आणि वाल नंतर मोजले जायचे. कुठलं पाखरू कधी आलं, कधी गेलं, हे त्याला तोंडपाठ असे. तारखा मात्र त्याच्या वेगळ्या. "शिमग्याच्या आदी," "वाल काढले त्याच्या दुसऱ्या दिशी." चंद्राबाई पंचांग उघडून त्या जुळवून घेत.

त्यानेच सांगितलं होतं, की दरवर्षी तो राब भाजतो तेव्हा मोठी पांढरी पाखरं उतरतात. माणसाच्या कमरेएवढी, पाय आणि चोच लालभडक, पंखांच्या कडा काळ्या. चंद्राबाईंनी इंग्रजी पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने पान उलटू दिलं नाही. "हीच!"

पांढरा करकोचा. हिवाळा संपला की हजारो मैल उत्तरेला परतणारा. पण इथे, घाटाखाली, कुलाबा जिल्ह्यात? त्यांनी मुंबईच्या एका पक्षीअभ्यासकांना पत्र टाकलं. उत्तर आलं: बगळे असावेत, तरी तेवीस तारखेच्या रविवारी स्वतः येऊन पाहीन.

अडचण तिथेच होती. भाताची रोपं जिथे वाढवायची, त्या जमिनीवर शेण, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, वाळलं गवत आणि वर माती असे थर घालून ते भाजायचे, हा राब. साऱ्या गावाचे राब भाजून झाले होते. श्रीपतने मात्र पाहुण्यांसाठी आपला थांबवला. अवकाळी सर आली असती तर थर भिजले असते, राब कच्चा राहिला असता, रोपांत तण माजलं असतं आणि वर्षाचं भात गेलं असतं. त्याचा मेहुणा चांगो गावभर सांगत हिंडत होता, "भावजी बगल्याला कुंकू लावून करकोचा करनार हायेत!"

रविवारी पहाटे चंद्राबाई आधी आभाळ बघायला धावल्या आणि मग चुलीकडे. ढग होते, पण पाऊस नव्हता.

पहिल्या गाडीने पाहुणे उतरले. बारीक अंगाचे, खाकी टोपीतले, मितभाषी गृहस्थ. एस.टी.ने आणि मग पायी दोघं शेतावर पोचले, तर तिथे जत्रा! श्रीपतने अख्ख्या गावाला आवतण दिलं होतं. बांधावर बायका, पोरं, म्हातारी माणसं, चांगो तर पागोटं बांधून आलेला.

"साऱ्यांनी बगावं म्हनलं," श्रीपत अभिमानाने म्हणाला. "मंग कोन खोटं म्हनतंय ते बगू."

त्याची बायको सोनुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "बाई, पाखरांपायी माजा राब भिजला असता तर तुमच्या वहीतलं भात खाल्लं असतं का आमी?"



राब पेटला. धूर सरकू लागला तसे नाकतोडे नि किडे उडाले आणि आधी कोतवाल पक्षी आले, मग पाकोळ्या, मग दोन घारी. नऊ वाजले. दहा वाजले. आग विझून काळी जमीन धुमसत राहिली. चांगोने जांभई दिली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "चंद्राबाई, साडेअकराची एस.टी. आहे ना?"

श्रीपतचं तोंड राखेसारखं झालं होतं. चंद्राबाई त्याच्याजवळ गेल्या. "श्रीपत, दरवर्षी तू भाजतोस तेव्हा इथे कोण असतं?"

"कोन असनार? मी एकला. तिकडं बांधाआड पडून ऱ्हातो."

दोघांनी एकदमच बांधावरच्या गर्दीकडे पाहिलं. लाल-हिरवी लुगडी, पागोटी, कालवा. कुठलं पाखरू उतरणार होतं तिथे!

पण आपणच बोलावलेल्या माणसांना श्रीपत जा कसं म्हणणार? तेव्हा सोनुबाईच पुढे झाली.

"चला गं, उठा! चुली काय आपोआप पेटनार हायेत? चांगो, तुजं पागोटं आदी काढ, लांबून दिसतंय ते! येकजन ऱ्हायला तर मी हाय नि हा कोयता हाय!"

हसत, कुरकुरत गाव पांगला. उरलेले चौघं बांधाआड पोटावर झोपले. साठीतल्या चंद्राबाईंच्या कोपराखाली ढेकळं टोचत होती. तास-दीड तास गेला. एस.टी. गेली असणार.

"वर बगा," श्रीपत कुजबुजला.

घाटाच्या बाजूने ठिपके येत होते. पंख न हलवता, गोल गोल फिरत. चंद्राबाईंनी दुर्बीण लावली. मग ते खाली आले, पाय पुढे सोडून, एकामागून एक, काळ्या जमिनीवर. पांढरे शुभ्र! लाल पाय, लाल चोच. ते राखेतून संथ पावलं टाकत चालले, आणि भाजलेले नाकतोडे वेचू लागले.

"सात... नऊ... अकरा!" पाहुण्यांचा आवाज फाटला. टोपी कधीच पडली होती. "अकरा आहेत हो! अकरा!"

सोनुबाई तोंडावर पदर धरून बघत होती. "अगं बया! एवढाले!" मग नवऱ्याच्या पाठीत एक गुद्दा घालून म्हणाली, "नीट सांगता येत नवतं व्हय? मी बगल्याएवढंच समजत हुते!"

पक्षी अर्धा तास होते. उडाले तेव्हा चांगो धावत आला. त्याने आपल्या अंगणातून पाहिलं होतं. "भावजी, हायेत खरं. पन बगल्याचे चुलतभाऊच असनार!"

पाहुण्यांनी टिपणवही काढली. "नोंद कुणाच्या नावावर करू? पत्र तुमचं होतं, चंद्राबाई."

"मी आज पहिल्यांदा पाहिले," त्या म्हणाल्या. "ज्याने राब थांबवला, त्याचं नाव घाला."

पाहुण्यांनी श्रीपतला नाव विचारलं. तो उठून उभा राहिला, अंगावरची माती झटकली आणि स्वतःचं, बापाचं आणि गावाचं नाव सावकाश सांगितलं. पाहुण्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. "परत वाचा," श्रीपत म्हणाला. त्यांनी परत वाचलं.

निघताना सोनुबाईने बांधून दिलेले वाल घेऊन चंद्राबाई दिवेलागणीला घरी पोचल्या. वहीत पक्ष्यांचा आकडा, वेळ, वाऱ्याची दिशा आणि श्रीपतचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं: सोनुबाईने दिलेले वाल निम्मे भिजत घातले.