पत्र्यावर वाळू

रोज सकाळी वर्कशॉपचं शटर वर गेलं की काका आधी दिवा लावत नसत. दाराच्या चौकटीला सुतळीने एक पाना टांगलेला होता. खिशातला दुसरा पाना काढून ते त्याच्यावर हलकेच मारायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. नाद बारीक होत होत पार विरला की स्वतःशीच म्हणायचे, "जागे आहेत." जागे होते ते कान. मग दिवा, मग चहा, मग काम.

ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गावभर त्यांना डॉक्टर म्हणत, कारण ते इंजिनाला नळी लावून ऐकत. इंजिन मूळचं, कंपनीने बनवलं तसंच ठेवायचं आणि त्यावर सुपरचार्जर बसवायचा, हे त्यांचं खास काम होतं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, गाडीला जोर येतो. "पोट भरलेल्या माणसाला आग्रह करून वाढायचं काम आहे हे," काका म्हणायचे. "दोन घास जास्त जातात. चौथ्या घासाला माणूस उलटतो."

म्हणून त्यांचे नियम कडक होते. आधी चारही सिलिंडरचा दाब मोजायचा. एकही कमी भरला तर गाडी परत. पंपाची पुली कंपनी देते त्याहून मोठी लावायची, म्हणजे पंप सावकाश फिरतो आणि हवा बेताची जाते. ही पुली शेजारचा लेथवाला कातून द्यायचा. "लोक जोर वाढवायला पैसे देतात, तुम्ही जोर कमी करायला माझ्याकडे येता," तो चिडवायचा. "तुम्ही डॉक्टर नाही, सासू आहात." काका पुली उजेडात धरून फिरवत राहायचे आणि म्हणायचे, "सासूच्या घरात भांडी कमी फुटतात."

सगळ्यात शेवटी टायमिंग. ठिणगी जितकी आधी पडेल तितका जोर जास्त. पण फार आधी पडली की पेट्रोल नीट जळण्याऐवजी आत ठिकठिकाणी भडकतं आणि पिस्टनवर घाव बसतात. ते घाव बाहेर ऐकू येत नाहीत. ते ऐकायला काकांची नळी होती. तांब्याची, एक टोक ठोकून चपटं केलेली. ते टोक इंजिनाच्या एका बोल्टखाली आवळायचं. दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी, ती खिडकीतून गाडीत, आणि शेवटी कारखान्यातले कामगार कानांवर घालतात तसल्या जाड वाट्या. मालक गाडी चालवायचा, काका शेजारी वाट्या लावून बसायचे. खाणीमागच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबायचं. घाव बसू लागले की पत्र्यावर कुणी बारीक वाळू टाकावी तसा आवाज येतो. काका टायमिंग थोडं थोडं पुढे घेत जायचे, वाळू ऐकू आली की थांबायचे, आणि तिथून टायमिंगच्या खुणांवर तीन घरं मागे यायचे. ती तीन घरं म्हणजे त्यांची सगळी विद्या होती.

शेवटच्या तीन वर्षांत त्यांच्या हातच्या गाड्या फार पळू लागल्या. दुसऱ्या गावांहून माणसं यायची. मूळचंच इंजिन, तीच मोठी पुली, तरी जोर आधीपेक्षा जास्त. "हात बसलाय आता," काका म्हणायचे. एरवी त्यांना स्वतःचं कौतुक करताना मी कधी पाहिलं नाही. काकूलाही बरं वाटायचं, फक्त ती ते टोमण्यातून सांगायची. ती स्वयंपाकघरात काही पुटपुटली तरी काका बाहेरच्या खोलीतून उत्तर द्यायचे, आणि ती म्हणायची, "ऐकू सगळं येतं, ऐकत मात्र एक नाहीत."

मास्तर त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. गाडी चालवायला शिकवायचे. तीस वर्षं लोकांच्या शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर ते आपली जुनी गाडी घेऊन आले.

"टेकडीची शर्यत आहे पुढच्या महिन्यात," म्हणाले. "एकदा पॅडल खाली दाबून बघायचंय. माझं मी."

"या वयात?"

"तुझ्याकडे आलोय म्हणजे सांभाळून करेन असाच अर्थ होतो की नाही?"

काकांनी अकरा दिवस घेतले. दाब मोजला, पुली बसवली, पेट्रोल वाढवलं, ठिणगी पाडणारे प्लग थंड जातीचे घातले. चढावर मास्तर चालवत होते आणि हसत होते. काकांनी टायमिंग पुढे घेतलं, आणखी पुढे घेतलं. बऱ्याच उशिरा त्यांना काहीतरी अंधुक ऐकू आलं. तिथून तीन घरं मागे येऊन त्यांनी टायमिंगचा बोल्ट आवळला. "काय दणकट इंजिन आहे रे तुझं," ते म्हणाले.

शर्यतीच्या सकाळी तिसऱ्या वळणावर गाडीने निळा धूर सोडला आणि जागीच थांबली. मास्तरांना काही झालं नाही. गाडी दोरीने ओढत वर्कशॉपमध्ये आली तेव्हा ते तिच्यामागून चालत होते.

काकांनी प्लग काढले. त्यांच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे-रुपेरी ठिपके होते, मिरपूड भुरभुरल्यासारखे. ते ठिपके पिस्टनच्या वितळलेल्या धातूचे असतात. इंजिन उघडून पिस्टन बाहेर काढले तेव्हा दोन पिस्टन कड्यांच्या मधल्या भागात तुटलेले दिसले.

मास्तर स्टुलावर बसले होते. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "वाटेत त्या नव्या पंपावर पेट्रोल भरलं. तू सांगितलं होतंस, भलतीकडे भरू नकोस. तुझ्या मेहनतीची माती केली मी."

काका प्लग हातात फिरवत होते. एका दिवसाच्या पेट्रोलने इतकी मिरपूड साठत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी मास्तरांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळीला मधे दोन तोंडांचा जोड लावून आणखी एक वाट्यांची जोडी बसवली. लेथवाल्याची व्हॅन मागून घेतली. तिलाही त्यांनीच वर्षापूर्वी पंप बसवला होता. काकूला म्हणाले, "चल जरा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. पत्र्यावर वाळू पडल्यासारखं ऐकू आलं की हात वर करायचा. थांबलं की खाली."

पुढचं काकूने मला सांगितलं, बऱ्याच नंतर, धुतलेले डबे पुसता पुसता. चढ सुरू झाला, काकांनी पॅडल दाबलं आणि तिने लगेच हात वर केला. काका समोर बघत चालवत राहिले. अर्धा चढ गेला.

"हात खाली घे, कळलं मला," ते म्हणाले.

"कसा घेऊ? वाजतंय की अजून."

काकांनी एक वाटी बाजूला करून पुन्हा नीट बसवली. नळी तीच, आवाज तोच. त्यांना इंजिनाची घरघर ऐकू येत होती, पट्ट्याची शीळ ऐकू येत होती. वाळू नव्हती. चढाच्या माथ्यापर्यंत काकूचा हात वर होता. माथ्यावर गाडी थांबवून ते खाली उतरले, टायमिंग मागे आणलं, पुन्हा चढ. पुन्हा मागे. चौथ्या खेपेला तिचा हात मांडीवर राहिला. तेव्हा काकांनी टायमिंगच्या बोल्टापाशी रंगाची खूण केली, आणि जुनी खूण किती दूर होती ते बघत उभे राहिले.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दिला. रेघ बराच वेळ सरळ चालत होती आणि एका ठिकाणी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. "बोलणं तुम्हाला ऐकू येणार," ते म्हणाले. "भांड्यांचे, घंटेचे आवाजही येतील. ही वरची एक पट्टी गेलीय. गोंगाटात काम करणाऱ्यांची आधी हीच जाते. माणसाला पत्ता लागत नाही."

"किती दिवसांपूर्वी गेली असेल?"

"दिवस नाही. वर्षं."

हात बसला नव्हता. वाळू ऐकू येत नव्हती म्हणून ते पुढे पुढे जात राहिले होते, आणि जिथे अखेर काही ऐकू आलं तिथून तीन घरं मागे येऊन समाधान मानत होते. ज्या गाड्यांसाठी लोक दुसऱ्या गावांहून येत, त्या सगळ्या आतून मार खात होत्या. त्यांनी वहीतून काढल्या. मास्तरांची आणि व्हॅन सोडून एकोणीस.

आधी ते मास्तरांकडे गेले. सगळं सांगितलं, आलेख दाखवला. मास्तरांनी कागद बघितला, घडी घालून परत दिला.

"तू ना, लहानपणापासून असाच," ते म्हणाले. "शाळेतही माझी चूक स्वतःवर घ्यायचास."

"अरे, खरं सांगतोय."

"कळतंय मला. मला बरं वाटावं म्हणून हा सगळा खटाटोप. पेट्रोल मी भरलं. माझ्या अंगावरचा डाग स्वतःच्या अंगावर कशाला घेतोस?"

काकांनी तीनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, मैत्रीचं. त्यानंतर काकांनी तो विषय काढला नाही.

मग फोन. काकू शेजारी बसून वहीतले नंबर वाचायची. काका प्रत्येकाला तेच सांगायचे: माझे कान गेलेत, गाडीचं टायमिंग चुकीचं लागलंय, घेऊन या, अर्ध्या दिवसाचं काम, काही द्यायचं नाही. बायको ऐकेल, मी बसवेन.

"डॉक्टर, पळतेय की झकास," एकजण म्हणाला. "चांगल्या गाडीला कशाला हात लावताय?"

दुसऱ्याने विचारलं, "जोर कमी होईल का?"

"होईल. थोडा होईल."

"मग बघू पुढच्या महिन्यात."

एकाला वाटलं काकांना काम मिळेनासं झालंय. त्याने दोन गिऱ्हाइकं पाठवतो म्हणून धीर दिला. नवीन काम तर काकांनी बंदच केलं होतं. एकोणिसांपैकी तिघे आले. तिन्ही वेळेला काकूचा हात चढाच्या सुरुवातीलाच वर गेला. बाकीच्यांच्या बातम्या एकेक करून येऊ लागल्या: धूर सोडला, तेल खाल्लं, हायवेवर बंद पडली. एका गाडीत लहान मूल होतं. कुणाला लागलं नाही. मालक काकांना दोष देत नसत. कुणी पेट्रोलला देई, कुणी आपल्या नशिबाला, कुणी पॅडल दाबणाऱ्या धाकट्या भावाच्या पायाला. काकांच्या हातात खोट असेल हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. काका वहीत त्या नावावर रेघ मारायचे. जेवताना हात ताटात तसाच राहायचा.

न आलेल्या आणि अजून बंद न पडलेल्या नऊ गाड्या उरल्या होत्या तेव्हा एका भाजीवाल्याने येतो म्हणून कबूल केलं. रोज पहाटे माल भरून तो घाट चढायचा, म्हणून काकांना त्याचीच सगळ्यात धास्ती होती. पाच वेळा फोन केला होता. शनिवारी दहाला येतो, नक्की, असं तो म्हणाला.

शनिवारी काका आठलाच गेले. हत्यारं मांडून ठेवली, नळी पुसली. काकूही साडेनऊला जाऊन स्टुलावर बसली. अकराला फोन केला तर उचलला नाही. बाराला लेथवाला डोकावला. दोन चहा ठेवून परत गेला. एकला दोघं घरी आली. काकांनी हात धुतले, दोन घास खाल्ले आणि छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय म्हणून बाहेरच्या खोलीत पलंगावर आडवे झाले. काकू आतून पाणी घेऊन येईपर्यंत ते गेलेले होते. त्याआधी ती दार लावत होती, तेव्हा एवढंच म्हणाले, "नुसतं लोटून ठेव, कडी नको लावूस. भाजीवाला जेवून इकडेच येईल."