सुरूच्या झाडावरून पडलेला साप

टेलिफोन आत्यांनी एकतीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाल्या आणि समुद्राकाठी, धाकट्या भावाच्या घरी राहायला आल्या. भाऊ हयात नव्हता. घरात भावजय एकटी, शिवणकाम करणारी.

आत्यांना त्या बागेतलं सगळंच नवलाचं. कपड्यांच्या दोरीवर बसणारा खंड्या, कुंपणाखालून पिल्लांची रांग घेऊन जाणारं मुंगूस, ओहोटीच्या चिखलात ध्यान लावून उभे राहिलेले बगळे. पण जीव अडकला होता सुरूच्या शेंड्यावर घरटं केलेल्या समुद्रगरुडांच्या जोडीत. रोज सकाळी झाडाखाली खुर्ची टाकायच्या आणि मान अवघडेपर्यंत वर बघत बसायच्या.

"वन्सं, वरून हाडं पडतात, माशांची मुंडकी पडतात," भावजय करवादायची. "एक दिवस डोक्यात काहीतरी पडेल, मग कळेल!"

"पडू दे गं. पुढची सीट मिळालीय, सोडू होय?"

त्या सकाळी भावजयीनं उजेडासाठी मशीन अंगणात आणलं होतं. शाळेचे गणवेश शिवायचे होते. आत्या पाणी प्यायला उठल्या. दोन पावलं गेल्या असतील नसतील, तोच मागे 'थप्' असा आवाज झाला.

वळून बघतात तर खुर्चीत, त्या बसल्या होत्या तिथंच, दीड हात लांबीचा साप. अंगावर काळे पट्टे, शेपूट वल्ह्यासारखं चपटं. पाठीवर नखांच्या जखमा, आणि जिवंत.

आग, पूर, मरणाच्या बातम्यांचे फोन ज्या बाईनं न डगमगता जोडून दिल्या, तिची दातखीळ बसली. साप घसरून खाली पडला. समुद्रातला जीव तो, जमिनीवर धड सरपटता येईना. वेटोळं घालत, उलगडत आत्यांच्या पायांकडेच येऊ लागला.

"वन्सं, हलू नका!" भावजय कपड्यांचा टब उचलून धावली.

एवढ्यात वर अंधारून आलं. पंखांचा वारा सपकन तोंडावर बसला, गणवेश उधळले. गरुडाच्या मादीनं आत्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर पंजा मारला, साप उचलला आणि निघून गेली.

"गेली?" आत्यांनी कसंबसं विचारलं.

"गेली."

"साप घेऊन?"

"नाही, तुमचा निरोप घेऊन!" असं म्हणून भावजय हातातल्या टबासकट मटकन खाली बसली.

शेजारचा मासेमार आरडाओरडा ऐकून आला. सगळं ऐकून म्हणाला, "त्या सापाचं विष नागाच्या वरताण. चावला असता तर..."

चार दिवस आत्या बागेत फिरकल्या नाहीत. खिडकीसुद्धा उघडू देईनात. शेवटी भावजयीनं विचारलं, "झाड तोडायला माणूस बोलावू का?"

आत्यांनी बंद खिडकीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं मी तिच्याकडे बघतेय गं. ती इतक्या जवळ आली, पण माझ्याकडे एकदा बघितलंसुद्धा नाही. तिच्या लेखी मी आणि ती खुर्ची सारखीच!"

"मग, बोलावू?"

"नको. तिचं घर आहे ते."

पाचव्या दिवशी त्यांनी खुर्ची ओसरीवर, छपराखाली घेतली. आता तिथूनच बघतात. पंख फडफडले की हातातला चहा बशीत सांडतो. भावजयही मशीनवर बसण्याआधी एकदा वर बघून घेते.